घर पाहण्याआधी गिलासभर पाणी

प्रेमानंद टेंभुर्णे हिंगण्याच्या एका कारखान्यात गिअर तपासतो. टेबलावर गिअर येतो, हातात पोलादी गेज असतं. गेज बसलं तर माल पास, नाही बसलं तर लाल रंगाचा पट्टा मारून बाजूच्या पेटीत. यात विचार करायचा नसतो, म्हणूनच हे काम त्याला मनापासून आवडतं. संध्याकाळी कंपनीची बस त्याला इंदोऱ्याला सोडते तेव्हा गेज कारखान्यातच राहतं, पण सवय मात्र त्याच्यासोबत बसमधून घरी येते. आंबे, पुढारी, व्याही, कूलर दुरुस्त करणारे, सगळे त्याच्या लेखी एक तर पास असतात, नाही तर रिजेक्ट. लग्नाच्या वेळी त्यानं मोनालीला पास केलं की मोनालीनं त्याला, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

मोनाली हिंगणा रोडवरच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. इंदोरा शहराच्या उत्तरेला आणि दवाखाना पार पश्चिमेला. सकाळची पाळी असली की ती अंधारात उठते, रात्रपाळी असली की उन्हात परतते, आणि दोन्ही वेळा स्कूटरवर पेंगते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती सिग्नलवर उभ्याउभ्या झोपली आणि गाडीसकट आडवी झाली. कोपर सोललं. पुढच्या वेळी डोळा लागला तो चालत्या गाडीवर. दुभाजकाला चाटून गाडी थांबली. त्या दिवशी घरी आल्यावर ती चप्पलही न काढता म्हणाली, "मले दवाखान्याजवळ घर पाहा. नाही तर एक दिवस त्याच दवाखान्यात मी खाटेवर असीन अन् तुम्ही खालच्या बाकड्यावर."

प्रेमानंद हादरला. दुसऱ्याच दिवसापासून तो घर शोधायला लागला.

त्याचे वडील लहानूजी यांना हा बेत मुळीच मंजूर नव्हता. लहानूजी छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेले, आणि त्यानंतर इंदोरा सोडून रात्र काढायची वेळ त्यांनी स्वतःवर फारशी येऊ दिली नव्हती. बाहेरच्या माणसाशी त्यांचं वैर नाही. तो इंदोऱ्यात आला तर ते त्याला जेवू घालूनसुद्धा पाठवतात. आपण त्याच्याकडे जायचं म्हटलं की मात्र त्यांचे गुडघे दुखतात.

"इथी काय कमी हाय गा?" ते कूलरसमोरून म्हणाले. "विहार हाय, शाळा हाय, आपले लोकं हायेत. तिकडे मेल्यावर खांदा द्यायले कोन येईन?"

"मामाजी, तुमच्या खांद्याची सोय इथी हाय, तुम्ही इथीच राहा," मोनाली सासऱ्यांना म्हणाली. "मी जिती असतानाची सोय पाहून राहिली."

घर शोधण्याची प्रेमानंदची पद्धत मात्र जगावेगळी होती. तो आधी घर पाहतच नसे. आधी शेजाऱ्याच्या किंवा घरमालकाच्या दारात उभा राहायचा, "जय भीम, मी प्रेमानंद लहानू टेंभुर्णे" असं पुरतं नाव सांगायचा, आणि म्हणायचा, "ऊन लय हाय, गिलासभर पाणी भेटंन का?" मग पाहायचा. गिलास कोणता येतो, हातात देतात की कठड्यावर ठेवतात, नाव ऐकल्यावर चेहऱ्यावरचं हसू जागेवर राहतं की नाही. सगळं बसलं तर पास, आणि मगच घराची किल्ली.

याला कारण होतं. आयटीआयला असताना तो धरमपेठेकडे एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहिला होता. खोली पाहायला गेला तेव्हा लखलखीत गिलासात पाणी मिळालं. राहायला गेल्यावर बाईंनी पूर्ण नाव विचारलं, त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत त्याच्यासाठी वेगळा गिलास होता, ओळखू यावा म्हणून काठाला दोरा बांधलेला. बाई रागावल्या नाहीत, वाईट बोलल्या नाहीत, "बाळ" म्हणून हाक मारायच्या. दोरा तेवढा राहिला. प्रेमानंदनं तो महिना काढला आणि इंदोऱ्याला परतला. तेव्हापासून नाव आधी, पाणी मग.

दलाल गिरिधर सोनकुसरे याला ही पद्धत समजेना. गिरिधर कोष्ट्याच्या घरचा. त्याच्या आज्यानं माग चालवला, बापानं माग विकला आणि तो आता लोकांची घरं विकतो. तो जात कधी विचारत नाही, याचा त्याला अभिमान आहे.

"सर, मूळ गाव?" पहिल्याच भेटीत त्यानं विचारलं.

"पवनी."

"वा. पवनीत कोनत्या बाजूले?"

"बौद्ध हाय मी," प्रेमानंद म्हणाला. "गिरिधरभाऊ, एवढा फेरा कायले घेता? पवनीचा नकाशा काढाचा हाय का?"

गिरिधर ओशाळून हसला. "मले काही नाही सर. समोरचे लोकं मले विचारतात ना."

महिनाभरात प्रेमानंदनं अशी काही घरं रिजेक्ट केली की ज्यांच्या आत तो गेलाच नव्हता. एका ठिकाणी पाणी कागदी पेल्यात आलं. एका ठिकाणी "आमच्या इकडे सगळे शाकाहारी आहेत हं" हे पाण्याच्या आधी आलं. एका ठिकाणी आजोबांनी छान पाणी दिलं, पण "जय भीम"ला "नमस्कार, नमस्कार" असं दोनदा म्हणाले. प्रेमानंदला तो दुसरा नमस्कार जास्तीचा वाटला.

मग मनोहररावांचं घर आलं. मनोहरराव एका कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी नाव ऐकलं, हात जोडून "जय भीम" म्हणाले, आत बोलावलं, सोफ्यावर बसवलं. पाणी ट्रेमधून आलं, पाठोपाठ कैरीचं पन्हं आलं. प्रेमानंदचा पन्ह्याचा गिलास आणि त्यांचा गिलास एकाच जोडीतला. "आमच्याकडे असलं काही मानत नाहीत बरं का," मनोहरराव आपणहून म्हणाले. घर सुरेख होतं, दवाखाना हाकेच्या अंतरावर. गेज असं बसलं की प्रेमानंद जिना उतरताना गुणगुणत होता. मोनालीनं त्या रात्री पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला.

दुसऱ्या दिवशी गिरिधरचा फोन आला. मनोहररावांच्या मुलाचा परदेशातून फोन आला होता, घर विकायचं तूर्त थांबवलं होतं.

पंधरवड्यानं मोनाली ड्युटीवरून येताना त्या गल्लीतून गेली, तर दारात दुसऱ्याच कोणाचं सामान उतरत होतं आणि मनोहरराव फ्रिज कसा वळवायचा ते सांगत होते. घरी येऊन तिनं एवढंच सांगितलं. प्रेमानंदनं पायातले बूट काढून कोपऱ्यात ठेवले. मग म्हणाला, "पन्हं तर गोड होतं."

"गोडच असते," लहानूजी म्हणाले. त्यांचाही आवाज या वेळी जिंकल्यासारखा नव्हता.

एवढं होऊनही त्यानं पद्धत सोडली नाही, उलट आणखी कडक केली. पुढच्या रविवारी गिरिधरनं त्याला हिंगणा रोडच्या आतल्या एका नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत नेलं. घर रिकामं, किल्ली गिरिधरच्या हातात. शेजारच्या फाटकात नीला नावाची बाई उभी होती. प्रेमानंदनं नाव सांगितलं, पाणी मागितलं. नीलानं त्याच्याकडे पाहिलं, घराच्या आत पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"पाणी नाही जी," ती म्हणाली आणि फाटक अर्धं लोटलं.

प्रेमानंद वळला आणि मोटरसायकलला किक मारली.

"सर, घर तर पाहा," गिरिधर किल्ली हलवत म्हणाला. "तुम्ही घर घेऊन राहिले की पाणी?"

"रिजेक्ट," प्रेमानंद म्हणाला.

रात्री त्यानं ही हकीकत रंगवून सांगितली. मोनाली तांदूळ निवडत ऐकत होती. तिचे डोळे मिटत होते. लहानूजी म्हणाले, "तोंडावर सांगतलं तिनं. मनोहररावापक्षा बरी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला प्रेमानंदला बायकोचा फोन आला. "त्या कालच्या लेआउटमध्ये या. लवकर या." अपघात झाला असं समजून तो कोणाची तरी मोटरसायकल मागून तिथं पोचला. गल्लीत टँकर उभा होता, बायकांचे आवाज टिपेला गेले होते, आणि मोनाली सिस्टरच्या पांढऱ्या कपड्यांत कमरेपर्यंत भिजून टँकरचा पाइप धरून उभी होती. पाइपचं दुसरं टोक नीलाच्या ड्रममध्ये होतं. तिला घर दाखवून झालेला गिरिधर किल्ली घेऊन बाजूला उभा होता.

"पाहता काय," मोनाली म्हणाली. "ड्रम पकडा."

प्रेमानंदनं ड्रम पकडला. नीलानं त्याला ओळखलं आणि कपाळाला हात लावला.

"हेच का तुमचे मिस्टर? बाप्पा. काल हे आले तेव्हा तिसऱ्या दिवशीही टँकर नव्हता जी. हंड्यात घोटभर होतं, ते सासूबाईच्या गोळीसाठी ठेवलं होतं. मे महिन्यात या लेआउटमध्ये कोनी पाणी मागते का? दूध मागा, देईन मी."

गल्लीतल्या बायका हसल्या. प्रेमानंदही हसला, पण उशिरा.

तेवढ्यात नीलाचे सासरे नत्थूजी खुर्ची घेऊन बाहेर आले. त्यांनी प्रेमानंदला नीट न्याहाळलं आणि गिरिधरला कधी जमलं नसतं इतक्या सरळ विचारलं, "तुम्ही कोन लोकं जी?"

"बौद्ध."

"आमी तेली," नत्थूजी म्हणाले. "मी काही पाहत नाही. पन आमची म्हातारी जुनी हाय. तिच्या सैपाकघरात जाऊ नका. कटकट करते."

म्हातारी, म्हणजे तुळजाबाई, आतून ऐकत होती. ती नाही म्हणाली नाही.

प्रेमानंदनं ड्रम सोडला. त्यानं मोनालीला बाजूला घेतलं. "ऐकलं ना? आता काय उरलं पाहाचं?"

"घर उरलं," मोनाली म्हणाली. "ते तुम्ही अजून पाहिलंच नाही. मी पाहिलं. दोन खोल्या, मागं अंगण, दवाखाना पायी जाता येते."

"अन् म्हातारी?"

"कटकट करणारी म्हातारी इंदोऱ्यातही भेटते मले, वेगळ्या कारणासाठी. मले राहाले घर पाहिजे, इथी सोयरीक नाही जोडाची. मनोहररावानं पन्हं पाजून दार लावलं. हे दार उघडं ठेवून सांगून राहिले की कुठवर यायचं. मी तिच्या चुलीपाशी कायले जाऊ? माझ्या घरी चूल नाही का?"

"मंग हे बरोबर हाय असं म्हणतं तू?"

"बरोबर नाही म्हणत. मले झोप येते म्हणते मी. तुम्ही दुनिया पास होईपर्यंत थांबान, तोपर्यंत मी स्कूटरवरून पडंन."

प्रेमानंद गिरिधरकडून किल्ली घेऊन एकटाच घरात गेला. खोल्यांत फिरला, खिडक्या उघडून बंद केल्या, अंगणात उभा राहिला. भिंतीपलीकडून नीला कोणाला तरी सांगत होती की टँकरवाल्याला एक ड्रम वाढवून सांगा, सिस्टर येऊन राहिल्या. बाहेर आल्यावर तो गिरिधरला म्हणाला, "बोला मालकाशी. नाव पुरतं सांगा."

पावसाळ्याच्या आत ते राहायला गेले. लहानूजी आले नाहीत; दर रविवारी मात्र येतात, नत्थूजींशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि दोघं मिळून येणाऱ्या-जाणाऱ्याला "तुम्ही कोन लोकं?" असं विचारतात. तुळजाबाईंनी मत बदललेलं नाही. त्यांच्या सैपाकघरात अजून बाहेरचं कोणी जात नाही आणि मोनालीनंही कधी पाऊल टाकलं नाही. तुळजाबाईंना बीपी आहे. सकाळी मोनाली ड्युटीला निघाली की त्या कुंपणावरून हात पुढे करतात, मोनाली पट्टा गुंडाळते, फुगा दाबते, आकडा सांगते.

एकदा प्रेमानंद हे पाहत ओट्यावर उभा होता. मोनाली घरात आल्यावर तो म्हणाला, "हात चालते तिले तुझा, पाय चालत नाही."

"एकशे सत्तर हाय," मोनाली पट्टा गुंडाळत म्हणाली. "तिच्या पोराले सांगा, आज डॉक्टरले दाखवा म्हणा."

प्रेमानंदनं सदरा घातला आणि सांगायला गेला.