मले झोपवू नका

पहिल्या बाळंतपणात मला भूल देऊन झोपवलं, आणि मी जागी झाले तेव्हा माझा मुलगा मातीत होता.

रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी पातूरला गेले होते. कळा सुरू झाल्यावर अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. दिवसभर कळा देऊन झाल्या, बाळ खाली सरकेना, आणि मग एकदम धावपळ सुरू झाली. ठोके उतरले म्हणाले. तोंडावर मास्क आला, रबराचा वास आला, कुणीतरी म्हणालं, "लंबा श्वास घ्या." पुढचं मला आठवतं ते थेट वॉर्डातलं. माझी माय पायाशी पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. मी विचारलं, "बाळ?" बाबा आणि माझा नवरा तोवर त्याला पातूरला नेऊन, पुरून परतही आले होते.

"तुले तरास नको म्हून," माय नंतर म्हणाली. "पाह्यलं असतं तं इसरता आलं नसतं."

दोन दिवसांनी दूध उतरलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा मी सासरीच राहायचं ठरवलं. सासर वलगावचं. आमचं झेंडू आणि शेवंतीचं शेत आहे, फुलं अमरावतीच्या बाजारात जातात. नाव घातलं तेही अमरावतीतच, एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. त्यांनी जुनी सगळी हकिगत ऐकून घेतली, पोटावरचा टाका तपासला आणि म्हणाल्या, "मध्ये पुरेसा काळ गेलाय. बाळाचं डोकं खाली आलं आणि सगळं नीट राहिलं, तर नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. पण इथेच, दवाखान्यात. आणि मी सिझर म्हटलं की त्या क्षणी सिझर. त्यामुळे तयारी दोन्हीची ठेवायची."

"सिझरमधी झोपवता काय?" मी विचारलं.

"बहुतेक कमरेत सुई देतो. खालचा भाग बधिर होतो, तुम्ही जाग्या असता."

"बहुतेक म्हंजे?"

त्यांनी पेन खाली ठेवला. "फार घाई असली, किंवा सुई लागू पडली नाही, तर पूर्ण भूल द्यावी लागते. तुम्हाला खोटं सांगणार नाही."

त्या एका 'बहुतेक'नं मला पुढचे सगळे महिने छळलं. मला नॉर्मलच हवंय असं मी घरात सांगितलं, आणि सगळ्यांना वाटलं, मला पोट चिरायची भीती आहे. शेजारच्या बाया माझी हिंमत वाखाणायच्या. सासूबाईंना मात्र ते पटत नव्हतं.

"एकदा चिरलेल्या पोटावर कायले जोर देतं?" त्या म्हणायच्या. "सरय सिझर कर. मले तू पाह्यजे, बाप्पा. लेकरू मागून पाहू."

मी त्यांना खरं कारण सांगितलं नाही. कळा कितीही येवोत, अंग फाटो, पण बाळंत होताना बाई जागी असते. तिच्या डोळ्यांदेखत लेकरू बाहेर येतं. ते जिवंत असो नाहीतर नसो, आधी तिला दिसतं. मला एवढंच पाहिजे होतं.

त्यासाठी मी जिवाच्या करारानं मेहनत केली. सकाळी फुलतोडीच्या वेळी झेंडूच्या ओळींमधून चालायची. उकिडवं बसून घर पुसायची. दवाखान्यातल्या सिस्टरनं कळेच्या वेळी श्वास कसा सोडायचा ते शिकवलं होतं, ते भाकरी थापतानाही करायची. आणि दार लावून सिझरचीही तयारी करायची. टाके असताना एकदम उठायचं नसतं, आधी कुशीवर वळायचं, मग हातावर भार देऊन बसायचं, खोकला आला तर पोटाला उशी दाबून धरायची. हे सगळं मी पलंगावर पुन्हा पुन्हा करून पाहायची आणि मधेच रडू यायचं. ज्याची तयारी करतेय ते होऊ नये म्हणून मी दुसरी तयारी करत होते.

बॅग भरली. तिच्यात माझे गाऊन, सुती लुगड्यांचे तुकडे, टॉवेल. बाळाचं काही नाही. पहिल्या वेळी मी हौसेनं दुपटी शिवली होती. "लेकराची तयारी आंदी नाई करत," सासूबाई म्हणाल्या, आणि या एका गोष्टीत आमचं एकमत होतं.

सातव्या महिन्यात एका संध्याकाळी मी नवऱ्याला शेताच्या धुऱ्यावर गाठलं. तो पाण्याचा पाइप दुसऱ्या ओळीत सरकवत होता. आमच्यात त्या मुलाचा विषय कधीच निघाला नव्हता.

"तो कसा होता?" मी विचारलं.

त्याला कळलं. तरी म्हणाला, "कोन?"

"तुमीच पाह्यला त्याले. मी नाई पाह्यला."

तो पाइप तसाच हातात धरून खाली बसला. पाणी एकाच जागी वाहत राहिलं. "केस होते," तो म्हणाला. "लय होते. कपायावर आलेले." मग त्यानं पाइप मातीत ठेवला. "एका हाताची मूठ होती. म्या उघडून पाह्यली."

"मंग?"

"मंग काय. बंद केली."

त्यानंतर तो उठला आणि अंधार पडेपर्यंत शेतातच राहिला. मला वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल. उलट झालं. तोवर नुसतं एक दुःख होतं, आता त्याला केस आले, हात आला. रस्त्यात लहान मूल दिसलं तरी मी मान फिरवू लागले. पोटातलं बाळ हललं नाही की जीव कासावीस व्हायचा, आणि हललं की वाटायचं, आता कशाला ओळख वाढवतोस बाबा.

दसऱ्याच्या तोंडावर कळा आल्या. शेत केशरी झालं होतं आणि नवरा फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात गेला होता. सासूबाईंनी गावातली ऑटो बोलावली. त्याला फोन केला, तो बाजारातून परस्पर दवाखान्यात येतो म्हणाला.

दुपारपर्यंत सगळं चांगलं चाललं. डॉक्टरीणबाई दोनदा तपासून गेल्या, "छान उघडतंय," म्हणाल्या. कळा भयंकर होत्या, पण प्रत्येक कळ मला आवडत होती. मी जागी होते. सासूबाई कमरेवर तळहात दाबत होत्या. मला वाटलं, होतंय, माझ्या मनासारखं होतंय.

मग जुन्या टाक्याच्या जागी एक दुखणं सुरू झालं, ते कळ ओसरली तरी जाईना. पोटाला लावलेल्या मशीनचा टकटक आवाज मंदावला, सावरला, पुन्हा मंदावला. तो आवाज मी अकोल्याला ऐकला होता. सिस्टरनं बोलावायच्या आधीच मी डॉक्टरीणबाईंची वाट पाहत होते.

त्यांनी पोटावर हात ठेवला, मशीनकडे पाहिलं. "आता थांबायचं नाही. सिझर."

मी त्यांचं मनगट धरलं. "काय बी करा, मले झोपवू नका. बाई, पाया पडतो, झोपवू नका मले."

"प्रयत्न करतो," त्या म्हणाल्या. "वेळ मिळाला तर."

स्ट्रेचर ढकलताना सासूबाई सोबत पळत होत्या. दारापाशी मी त्यांचा पदर पकडला. "आई, त्याले कुठीच नेऊ देऊ नका. मेलं तरी नेऊ देऊ नका. मले पाहू द्या."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी लख्ख झालं. इतके महिने मी कशासाठी हट्ट धरून बसले होते ते त्यांना तेव्हा कळलं असावं. "नाई नेऊ देत," त्या म्हणाल्या. "मी दारातच बसतो. कोनाची माय व्यालीये पाहू."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला पाठ वाकवायला सांगितली. कळेत वाकता येईना. सुई टोचली, पुन्हा टोचली. पाय चिमटून विचारलं, "लागतं?" लागत होतं. मी "नाही" म्हणाले. त्यांनी पुन्हा चिमटा घेतला आणि पाय झटकन मागे आला. कुणीतरी म्हणालं, "वेळ नाही." मास्क आला. मी मान हलवत राहिले.

शुद्ध आली तेव्हा मी डोळे उघडले नाहीत. पुढचं सगळं मला माहीत होतं. पोट रिकामं होतं, घसा कोरडा होता, खोलीत रडण्याचा आवाज नव्हता. डोळे मिटलेले आहेत तोवर काही झालेलं नाही, असं धरून मी पडून राहिले.

"जागी हायस तू," सासूबाई म्हणाल्या. "मले दिसून राह्यलं. डोये उघड."

मी डोळे आणखी घट्ट मिटले.

"पोरगी हाय."

'होती' नाही म्हणाल्या. तरी मला खरं वाटेना. "खोटं बोलता तुमी."

"कायले खोटं बोलू वं? श्वास जरा जोरात घेऊन राह्यली म्हून काचेच्या पेटीत ठेवली. तुया नवरा तिथंच उभा हाय, हालून नाई राह्यला."

नवरा आला, फोनवर फोटो दाखवला. लाल, सुजलेलं तोंड, नाकात नळी. ते कुणाचंही लेकरू असू शकत होतं. मी तसं म्हणाले आणि तो रडायला लागला. सिस्टर म्हणाली, आज उठायचं नाही. ती सगळी संध्याकाळ मी भिंतीकडे तोंड करून काढली.

दुसऱ्या दिवशी शिकल्याप्रमाणे कुशीवर वळले, हातावर भार दिला. टाक्यांत आग पेटली. लघवीची पिशवी सासूबाईंनी धरली, नवऱ्यानं दंड धरला, आणि मी कमरेत वाकून त्या खोलीपर्यंत गेले. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला. पोटावर बोट ठेवलं तर ते वर येत होतं, खाली जात होतं. गरम होतं. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे, शेवटी सिस्टरनंच खुर्ची आणून दिली.

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला जागं ठेवता आलं नाही." मला त्यांच्यावर रागवायचं होतं आणि त्यांचे पायही धरायचे होते. दोन्ही झालं नाही.

घरी आलो तरी माझा विश्वास बसला नव्हता. पोरीला कुणी दुसऱ्या खोलीत नेलं की मी टाक्यांसकट उठून मागे जायची. ओरडायची. एकदा नवऱ्याच्या हातातून तिला हिसकावून घेतली. तेव्हापासून सासूबाई तिला न्हाणीत आंघोळ घालेनाशा झाल्या. माझ्या पलंगासमोर, उंबऱ्यापाशी पाट टाकून, पाय लांब करून पोरीला पायांवर घ्यायच्या. दारातून गार वारा यायचा. येणाऱ्याजाणाऱ्या बाया म्हणायच्या, "वारं लागते नं लेकराले. आत काहून नाई घेत?"

"राहू दे," त्या म्हणायच्या आणि पोरीच्या पाठीवर पाणी सोडायच्या. "तिच्या मायले दिसते इथून."