मागच्या माइकवाली

"अक्का, मी मांगलीच बरी. पुढल्याले उजेड दिखस, मांगलीले बठ्ठं, सगळं दिखस." तू पुढे उभी राहून का गात नाहीस, असं कोणी विचारलं की आमच्या गच्चीवरच्या खोलीतली भाडेकरीण एवढं बोलून बुटांच्या नाड्या बांधू लागायची.

बाळांनो, तुमची ही मावशी सावद्याकडची, केळीवाल्यांच्या घरातली. रॉक बँडमध्ये गायकाच्या मागे कोरस गायची आणि नाचायची. कुठे शिकलीस विचारलं, तर म्हणाली, "कानबाई देवीच्या सणातल्या गाण्यांत. पुढच्या बाईचा दम सरला की मागचीने ओळ उचलायची, पण कोणाला कळू द्यायचं नाही."

गेल्या हिवाळ्यात तुम्ही परदेशातून जळगावला आलात, तेव्हा ती आपल्याला धुळ्याच्या एका कॉलेजातल्या कार्यक्रमाला घेऊन गेली. दुसऱ्या कडव्यात गायक शब्द विसरला. नाच न थांबवता तिने ओळ उचलली, त्याला शब्द सापडेपर्यंत गायली आणि पुन्हा कोरसमध्ये मिसळली. टाळ्या त्याला मिळाल्या. तुम्ही दोघं मात्र खुर्चीवर उभे राहून तिलाच बघत होता.

"आजी, तुला असं येतं?" धाकटीने विचारलं.

"मला इंग्रजी व्याकरण येतं," मी म्हणाले. तोवर पुढचं गाणं सुरू झालं होतं.

तेव्हापासून रविवारचा व्हिडिओ कॉल माझा राहिला नाही. मी इस्त्रीची साडी नेसून, विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून बसायची. तुम्ही एका दमात म्हणायचात, "आजी कशी आहेस, मावशी कुठे आहे?" मग ती तुम्हाला पायांची चाल शिकवायची आणि मी फोन धरायची.

उन्हाळ्यात तिला पुण्याच्या मोठ्या बँडने बोलावलं. निघायचं रविवारीच होतं. संध्याकाळी सात वाजता, खांद्याला बॅग आणि पायात बूट घालून ती दारात आली. जाण्याआधी तुम्हाला नवी चाल दाखवायचं तिने कबूल केलं होतं. तुमचा कॉल लागलेला होता. मी आवाज बंद केला आणि फोन पदराखाली पालथा धरला.

"पोरं जागी शेतस ना?"

"नाही गं. तिकडे आत्ता सकाळ. अजून झोपलीत."

नंतर, मावशी न भेटता गेली म्हणून तुम्ही तिच्यावर रुसलात, आणि मला ते बरं वाटलं. हे तुम्हाला सांगायलाच हवं होतं.

"निजू द्या मंग," ती तेव्हा दारातच अगदी हळू म्हणाली. जणू तुम्ही सातासमुद्रापार नाही, माझ्याच घरात निजला होतात, तशी तुमची झोप मोडू नये म्हणून तिने बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी, चवड्यांवर जिना उतरून गेली.