अंबाझरी मी ठरवली

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि नागपूरच्या सबंध सदरमध्ये आपणच काय त्या देखण्या, अशी माझी समजूत होती. दात पुढे, अक्कल मागे. नाती विचारतात, आजी, तू तरुणपणी कशी होतीस? मी सांगते, विंचवासारखी. फक्त विंचू नायलॉनची साडी नेसत नाही.

घरात सासूबाई, आमचे हे आणि ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी. भाऊजी कचेरीत कारकून. माणूस सोन्यासारखा, पण बोलताना अडखळायचे. चारचौघांत तर पहिल्याच अक्षरात गाडी रुतायची. रविवारी मात्र गळ घेऊन सायकलनं गोरेवाड्याच्या तलावावर जायचे. तिकडे तेव्हा चिटपाखरू नसायचं. दोरी पाण्यात सोडली की भाऊजींची जीभ सुटायची. आमचे हे एकदा सोबत गेले होते. म्हणाले, तासभर हा बोलला आणि मी ऐकलं.

काटोलकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी सांगून आली. मॅट्रिक झालेली, वर गोरी. मी सातवी पास, रंगाचं विचारू नका. दाखवण्याचा कार्यक्रम घरी झाला. अडखळण्याचं भाऊजींनी आधीच कळवलं होतं. तरी मुलीचा निरोप आला, होकार देण्याआधी मुलाशी दोन शब्द बोलायचे आहेत. घरात नको, मोकळ्या जागी. मोठी माणसं सोबत असली तरी चालेल.

सासूबाई म्हणाल्या, "मोठी सून तू हायेस वं, जागा तूच ठरव."

भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, गो... गोरेवाडा म्हणा. तिथं मले जमते."

"बरं भाऊजी," मी भाकरी थापता थापता म्हटलं. आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "गोरेवाड्याले काय हाये? मच्छर अन् गांडुळं! अंबाझरीले जाऊ. बगीचा हाये, बोटी हायेत, पाहुण्यायले शहर दिसते." सगळ्यांना पटलं. खरी गोष्ट मलाच ठाऊक होती. मॅट्रिक झालेली गोरी जाऊ मला घरात नको होती.

रविवारची अंबाझरी म्हणजे जत्रा. बोटीला रांग, पिपाण्या, रडकी पोरं, आलूबोंड्यांचा वास. आम्ही गवतावर बसलो. मुलीचे वडील, मामा, आत्या एकीकडे, आम्ही एकीकडे. मी मोरपंखी साडी नेसून, जणू बघायला आले होते ते मलाच.

मुलीनं सरळ विचारलं, "गळ टाकता म्हणे तुम्ही? कुठं जाता?"

"गो..." भाऊजी म्हणाले. "गो... गो..."

रांगेतली पोट्टी फिदीफिदी हसली. मुलगी हसली नाही. तिनं नजरही हलवली नाही. ती थांबली होती, आणि संध्याकाळपर्यंत थांबली असती. भाऊजींच्या मानेची शीर फुगली. शब्द अगदी ओठांपाशी आलेला मला दिसला.

"गोरेवाडा!" मी ठणकावून सांगितलं. "गोरेवाडा म्हणायचं हाये त्यायले."

भाऊजींनी तोंड मिटलं. पुढच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मीच दिलं. चहा किती लागतो, कचेरी कुठं, तब्येत कशी. माणूस समोर बसलेला आणि मी त्याची तेरवी केल्यासारखी त्याच्याबद्दल बोलतेय.

येताना सासूबाई म्हणाल्या, "काहून वं मधात बोलली?"

"मदत केली त्यायची," मी म्हटलं. आणि घरी येऊन एक भाकरी जास्त खाल्ली.

आठ दिवसांनी मुलीचे मामा आले. मी चहा घेऊन गेले.

"पोरगा पसंत हाये पोरीले," मामा म्हणाले. "म्हणते, अडखळते तं अडखळू द्या, मले कुठं घाई हाये? पण त्या घरात त्याच्या तोंडचा शब्द दुसरंच माणूस बोलून टाकते. तिथं मी नांदणार नाई. वेगळं बिऱ्हाड करत असन तं होकार."

एवढं बोलून त्यांनी माझ्याच हातातल्या ताटलीतून कप उचलला.

आमचे हे जमिनीकडे बघत होते. सासूबाई भाऊजींना म्हणाल्या, "बोल गा."

"मी वे... वे..."

"वेगळे नाई राहणार ते," मी म्हटलं. खोड काही जात नव्हती.

"तू चूप बस," सासूबाई म्हणाल्या. मग सगळे थांबले. मामांचा चहा निवला, वर साय धरली.

"वेगळा राहीन," भाऊजी म्हणाले.

लग्न झालं. जरीपटक्याला दोन खोल्या घेतल्या. महिन्याभरात सासूबाईंनीही आपली ट्रंक भरली. "धाकटीकडं राहते मी. तिथं माह्यं बोलणं पुरं होते."

सगळं घर मला मिळालं. बोलायला हवं तेवढं रान मोकळं, ऐकायला आमचे हे. तेही रविवारी भावासोबत गोरेवाड्याला जाऊ लागले. एकदा मी म्हटलं, मीही येते.

"तू नको येऊ," हे चप्पल घालता घालता म्हणाले. "मासे पळतात."

मासे लागायचे, भरपूर लागायचे म्हणे. शिजायचे धाकटीकडे.