थोडासा कापूस

बर्फाचा बाहुला बनवायला मी थोडासा कापूस मागवला आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला आमच्याच घरात मागच्या दाराने जावं लागलं.

ताडकळसमध्ये बर्फाचा बाहुला बनवायची गरज काय होती, हे आता तुम्ही विचारू नका. घरच्यांनी ते भरपूर विचारून झालंय. मी परभणीत वाढलेली, बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केलेली आणि लग्न होऊन इथे आलेली. कोर्समध्ये शिकवलं होतं की लहान मुलांना ऋतू हातांनी शिकवावेत. हिवाळा आला की बर्फाचा बाहुला, कागदाचे हातमोजे, लोकरीची टोपी घातलेला पेंग्विन. आमच्या मुलांनी बर्फ पाहिलाय तो रसवंतीवर, तोही उन्हाळ्यात. पण पुस्तकातल्या चित्रात हिवाळा म्हणजे बर्फ, म्हणून आमच्याकडेही बर्फ! (आमच्याकडे थंडी पडत नाही असं नाही. चांगली दात वाजवणारी पडते. फक्त ती बर्फाशिवाय पडते.)

बालवाडी भरायची मामांच्या बैठकीत. मामा म्हणजे माझे सासरे. घराची रस्त्याकडची ती खोली म्हणजे त्यांचं राज्य. तिथे पेपर, चहा, त्यांचे मित्र आणि गावातल्या प्रत्येकाच्या शेतीविषयी त्याने न मागितलेला सल्ला. ती खोली मी जूनमध्ये मोठ्या मिनतवारीने मागून घेतली होती. तेव्हा मामा म्हणाले होते, "संक्रांतीपर्यंत बगू. जमलं तर जमलं, न्हाईतर आमची बैठक आमाला माघारी." तेव्हापासून ते आणि त्यांचे मित्र समोरच्या कडुलिंबाखाली बसून संक्रांतीची वाट बघत होते. तिळगुळासाठी नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

खोली गेली असती तर माझी शाळाच गेली असती. गावात दुसरी जागा मला कोण देणार? म्हणून मी बेत केला. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी पालकांना बोलवायचं. मुलं त्यांच्यासमोर बर्फाचा बाहुला बनवणार, हिवाळ्याचं गाणं म्हणणार, पालक खूश होऊन पुढच्या वर्षीची नावं तिथल्या तिथे घालणार, मग मामा काय बोलणार? मामा चार दिवस पाथरीला बहिणीकडे गेलेत हे बघून मी बुधवारी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "मुलांसोबत थोडासा कापूस पाठवावा."

माझ्या माहेरी कापूस म्हणजे मेडिकलमधून आणलेली निळ्या कागदातली गुंडाळी. कुणाला खरचटलं की चिमूटभर काढायचा आणि परत कपाटात. मी ज्यांना निरोप धाडला त्यांच्या घरी मात्र कापूस खोलीत मावत नाही म्हणून माणसं ओसरीवर झोपत होती.

गुरुवारी सकाळी पहिले आले कार्तिकचे आजोबा, मोटरसायकलवर. पुढे टाकीवर चार वर्षांचा कार्तिक आणि मागे आजोबांपेक्षा उंच गाठोडं.

"काका, एवढा?" मी म्हणाले.

"मंग? शाळा म्हनल्यावर मूठभर द्यायचा का?"

तेवढ्यात शिवानीची आई आली. तिच्या हातात पिशवी होती. तिने गाठोड्याकडे पाहिलं, आपल्या पिशवीकडे पाहिलं आणि आल्या पावली वळली.

"अहो, पिशवी पुरे आहे," मी मागून ओरडले.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. त्येंचं एवढं आन् आमचं एवढुसं? लोकं काय म्हनतील?"

ती परत आली ती दिरासकट, आणि दोघांच्याही डोक्यावर गाठोडं. ते पाहिलं तिसऱ्या घराने, मग प्रश्न कापसाचा राहिलाच नाही, इज्जतीचा झाला. दुपारपर्यंत एकाने बैलगाडी लावली. मी नको नको म्हणत होते आणि आत्याबाई (माझ्या सासूबाई) उंबऱ्यात उभ्या राहून "येऊ द्या, येऊ द्या, आत लावा" म्हणत होत्या. दारात आलेल्या पांढऱ्या सोन्याला त्यांनी आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. संध्याकाळी आमचे हे परभणीहून नोकरीवरून आले, रस्त्याकडचं दार लोटून बघितलं, ते हलेना.

"किती आलाय कापूस?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"तुमचं अंथरूण स्वयंपाकघरात घातलंय," मी सांगितलं.

शुक्रवारी मुलं मागच्या दाराने आली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ढिगाकडे पाहिलं आणि उड्या टाकल्या. घरी आजोबा कापसावर चढू देत नाहीत, इथे तर शाळेनेच सोय केलेली! पाचच मिनिटांत गाठोडी सुटली आणि सगळ्या गावाचा कापूस एकमेकांत मिसळला. मी तरीही बाहुला करायला बसले. पुठ्ठ्याला डिंक लावायचा, वर कापूस चिकटवायचा, एवढंच तर काम. पण हा शेतातला कापूस, आत सरकी. सरकीच्या वजनाने पुठ्ठ्यावरून घसरायचा आणि माझ्या डिंकाच्या हातांना, तिथून पदराला, तिथून केसांना चिकटायचा. नाकासाठी आणलेलं गाजर शिवानीने खाऊन टाकलं. पुठ्ठा कोरा राहिला, माझ्यावर मात्र छान थर बसला.

त्यात गावातला व्यापारी खिडकीशी आला. रस्त्यावरून ढीग दिसत होता.

"ताई, भाव काय म्हंता?"

"विकायचा नाही. शाळेचा आहे."

"शाळेचा? आता बालवाडी बी कापूस घ्यायलीय का?" असं म्हणून तो काळजीने तिथेच उभा राहिला.

आणि जीपमधून मामा उतरले.

मागच्या दाराने आत येऊन त्यांनी आपली बैठक पाहिली. कापसात पोरं, खिडकीत व्यापारी.

"सूनबाई कुठंय?" त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं.

"मी इथेच आहे," बर्फाचा बाहुला म्हणाला.

मी सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ह्यातला कुनाचा कोनता?"

मी ढिगाकडे पाहिलं. मला सगळा सारखाच दिसत होता.

"कळायलंय का तुला? उद्या जो तो म्हननार, आमचाच पांढरा व्हता. घराघरात भांडनं लागतील, आन् ती बी आमच्या बैठकीतून." ते मटकन खाली बसले. मला रडूच आलं. (डोळे पुसायला गेले तर भुवयांना कापूस चिकटला.) बैठक गेली, हे मी मनाशी धरून चालले होते.

मग मामांनी टोपी काढून बाजूला ठेवली. "ए पोराहो, हिकडं या. ह्यो बगा, ह्यो पांढरा. ह्यो पिवळा पडलेला. आन् ह्यो हातात दाबून बगा, गार लागतो का? दवात वेचला की असा ऱ्हातो. तिन्ही येगळं करा." व्यापाऱ्याला त्यांनी खिडकीतूनच वाटेला लावलं आणि लिंबाखालच्या मित्रांना आत बोलावलं. संध्याकाळपर्यंत पोरं आणि म्हातारे गटागटाने कापूस निवडत होते. माझ्या गाण्याचा सराव राहिला तो राहिलाच.

शनिवारी पालक मागच्या दाराने आले आणि दाटीवाटीने बसले. मी मुलांना उभं केलं. "हिवाळा आला, हिवाळा आला," एवढं म्हणून सगळी थांबली आणि मामांकडे बघायला लागली.

"दाखवा की," मामा म्हणाले.

मुलांनी आपापले ढीग दाखवले. प्रत्येकाने चिमूटभर कापूस उचलून आईबापांच्या तळहातावर ठेवला आणि दाबून बघायला लावला. इथवर ठीक होतं. मग कार्तिक गार ढिगातला मोठा पुंजका घेऊन थेट आजोबांसमोर गेला.

"आजोबा, ह्यो आपला हाय. तुमी दवातच वेचलाव. उन्हात घाला."

कार्तिकचे आजोबा गावातलं मोठं प्रस्थ, ते उठले असते तर त्यांच्यामागे अर्धी खोली उठली असती. त्यांनी कापूस घेतला, मुठीत दाबला, गालाला लावला.

"दवाचाच हाय," ते म्हणाले. "शाळेत पयला आपला पोचावा म्हनून लय घाई केली." आणि ते असे हसले की त्यांना खोकला लागला. "आमच्या घरात मला ओला कापूस आनला म्हनायची कुनाची टाप न्हाई. धाकट्या नातीचं नाव कवा घालायचं, सांगा."

त्यांच्यामागोमाग इतरांनी नावं घातली. कापूस मात्र कुणी परत नेला नाही. दिलेला परत नेण्यात आणखी कमीपणा! मामांनी मग त्यातली सरकी काढून आणवली, कापूस पिंजून मुलांना बसायला गाद्या भरून घेतल्या, आणि संक्रांतीला तिळगूळ देताना म्हणाले, "बैठक तुलाच ठिवली सूनबाई." इतका आनंद मला कोर्सचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

त्या आनंदात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. पालकांनी नावं घालताना मामांना विचारलं होतं, "तुमी सोता शिकवनार ना?" आणि मामा हो म्हणाले होते.

तेव्हापासून मामा रोज वेळेवर वर्गात असतात आणि त्यांचे मित्रही. माझ्याकडे नाकं पुसणं आणि चहा. परवा ज्वारीच्या कणसाचा धडा चालू होता. राहवेना म्हणून मी मध्येच विचारायला गेले की बर्फाचा एक बाहुला करून बघूया का, तर मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, हाताची घडी, तोंडावर बोट."

मी बसले. गादी फार मऊ झालीय.