काचेच्या वाड्यातली मरळ

कासाबाईला हातगुण होता. हे तिनं स्वतः कधी म्हटलं नाही. म्हणायचं काम तिचा नवरा ग्यानबा करायचा आणि अगदी मन लावून करायचा. दुसरं कुठलंच काम त्याला मन लावून करता येत नसल्यामुळं या एका कामात तो भलताच तयार झाला होता. जिंतूरहून येलदरीकडं जाणाऱ्या वाटेवर त्यांची धनगरवाडी. आसपासच्या गावांत कुणाच्या शेळीनं चारा सोडला, कुणाची मेंढी अडली, कुणाच्या करडाचं पोट फुगलं, की माणसं जनावर खांद्यावर टाकून कासाबाईचं दार गाठायची. ती पदर खोचून जनावरापुढं उकिडवी बसायची आणि त्याच्याकडं नुसती बघत राहायची. मग कधी कसला पाला, कधी शेक, कधी तर नुसतं ह्या खुंट्याचं त्या खुंट्याला बांधायची. जनावर उठायचं. "आमच्या हिच्या हातून जनावर मरत न्हाई," असं ग्यानबा अशा थाटात सांगायचा, की मरायला निघालेल्या जनावरानं आधी त्याची परवानगी काढावी.

पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली होती. निजामाच्या वेळचे एक साहेब हैदराबादेला निघून गेले होते आणि त्यांच्या मागं राहिलेल्या सामानाची जिंतुरात बोली लावून हर्राजी चालली होती. लोकर विकायला गेलेला ग्यानबा तिथं गर्दी बघून थांबला. गर्दी दिसली आणि ग्यानबा थांबला नाही, असं त्याच्या आयुष्यात झालेलं नव्हतं. संध्याकाळी तो घरी आला तो डोक्यावर पितळी पट्ट्यांची, चांगली दोन हात लांब काचेची पेटी घेऊन.

"हे काय आणलंत?" कासाबाईनं विचारलं.

"पेटी."

"आरपार दिसणारी? आन् झाकण बी न्हाई. चोराला इचारायची बी गरज न्हाई, आत काय हाय म्हणून."

"साहेब ह्यात मासे पाळायचा म्हणं."

"आन् मग खायचा?"

"न्हाई. बघायचा."

मेंढी लोकर देते, शेळी दूध देते, कुत्रं राखण करतं. नुसतं बघायला पाळलेलं जनावर तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण जनावराकडं बघत बसणं हाच तिचा जन्माचा धंदा असल्यामुळं तो अनोळखी साहेब तिला एकदम शहाणा माणूस वाटला.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको येलदरीला गेले. तिथं पूर्णेच्या काठी आश्रुबा भोई जाळं झाडत बसला होता. त्याच्या घमेल्यात पाच-सात जातीचे मासे होते. त्यानं एक चांदीसारखी चकचकीत मासळी पुढं केली.

"ही न्या, कासामाय. गरीब हाय. काचंत शोभंल."

"ही सारखी पळायली की रं. भ्यालेलं जनावर काय बघायचं? ती कोपऱ्यातली कोण?"

कोपऱ्यात एक काळसर, जाडजूड मासा ढिम्म बसून होता आणि कासाबाईकडंच बघत होता.

"मरळ. तिच्या नादी लागू नका. तोंडात नुसत्या सुया हायत."

दात म्हटल्यावर कासाबाईचा चेहरा खुलला. जनावर दात बघून घ्यावं, हे तिला बापानं शिकवलं होतं. तिनं मरळ डोक्यामागं घट्ट धरली, काडीनं ओठ वर केला आणि बाजारात मेंढा पारखावा तशी पारखली.

"माय, ते मेंढरू न्हाई!" आश्रुबा ओरडला.

"दात हायत ना? मग झालं."

बायको एवढं पारखतेय म्हटल्यावर आपणही दोन गोष्टी पाहाव्यात म्हणून ग्यानबानं मरळीच्या तोंडात बोट घातलं. ते सोडवायला आश्रुबाला सुरीची मूठ वापरावी लागली. पुढं आठवडाभर ग्यानबा बोटाला चिंधी बांधून हिंडला आणि वाडीत नजरेस पडेल त्याला ती दाखवत सुटला.

कासाबाईनं ती आणि आणखी दोन, अशा तीन मरळी घेतल्या. एक हातभर, दोन वीतभर.

"एकच न्या," आश्रुबा म्हणाला. "मोठी बारकीला खाती."

"एकट्या जनावराला चारा गोड लागत न्हाई, आश्रुबा. पोटभर दिलं की कोण कामून कुणाला खाईल?"

हे मेंढ्यांच्या बाबतीत शंभर टक्के खरं होतं.

पेटीच्या सांध्यांतून पाणी झिरपायचं, तिथं तिनं राळ आणि मेण भरलं. नदीची वाळू धुऊन-धुऊन तळाला घातली. जनावराला आडोसा लागतो म्हणून एक फुटकं गाडगं आडवं टाकलं. उन्हाचा तडाखा बसू नये म्हणून पेटी ओसरीच्या आतल्या बाजूला ठेवली. हे सगळं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मेंढ्यांचा वाडा जसा बसवतात तसा तिनं काचेचा वाडा बसवला. खाण्याला गांडुळं, आणि बेडक्या धरून आणायचं काम चिंधीवाल्या बोटाकडं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीत दोन मरळी होत्या. पाचव्या दिवशी एक होती, आणि तिचं पोट तट्ट फुगलं होतं.

किशनराव पाटील बघायला आले. वाडीच्या मेंढ्या खतासाठी त्यांच्या शेतात बसायच्या, त्यामुळं बोलायचा हक्क त्यांना होता आणि आवडही होती.

"कासाबाई, कळपात लांडगा शिरला का लांडग्यालाच कळप म्हणून पाळलं? आन् माशाची लोकर कातरायची कधी? आमाला एक घोंगडं पायजे."

सगळे हसले. कासाबाईही हसली. पण रात्री ती ग्यानबाला म्हणाली, "आश्रुबानं सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाई. दोन जनावरं माझ्यामुळं गेली."

पुढचा घोटाळा सकाळी झाला. मरळ पेटीतून उडी मारून बाहेर पडली आणि कोकरांच्या गवतात जाऊन पडली. ग्यानबा तिला शोधत वाडीभर हिंडला. उन्हं चढल्यावर एका कोकराच्या पायाखालून ती निघाली. ओली, चिडलेली आणि ठणठणीत. कासाबाईनं विचार केला. जनावर जागा सोडून कधी जातं? पाणवठा आटला की. म्हणजे हिला पाणी कमी पडतंय. तिनं पेटी काठोकाठ भरली, वर लाकडाची फळी टाकली आणि फळीवर पाटा ठेवला. आता वाऱ्यालाही आत जायला वाव नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मरळ मलूल झाली. बेडकीकडं ढुंकून बघेना. कासाबाईनं पाणी बदललं, पुन्हा काठोकाठ भरलं. मरळ आणखीच मलूल. आजारी जनावर झोपडीत असतं तेव्हा त्याला येणारा-जाणारा बघत नाही. हे काचेत होतं. बाजाराला जाणारं प्रत्येक माणूस वाट वाकडी करून यायचं, डोकावायचं, चुकचुकायचं आणि पुढच्या गावाला बातमी पोचवायचं, की कासाबाईचा हातगुण गेला.

त्याच बाजारावरून ग्यानबा तोंड पाडून आला.

"झरीचा बन्सीधर शेळी घेऊन आपल्याकडं यायला निघाला व्हता. लय दूध देणारी शेळी. चारा सोडलाय म्हणं. जिंतुरातच कुणीतरी त्याला सांगितलं, तर तिथनंच माघारी गेला."

कासाबाई भाकरी थापत होती. हात थांबला.

"आन् शेळी?"

"तुझ्या नावाचं इचार की! लोक काय म्हणायलेत ते ऐक."

"नावाला काय चारा घालायचाय? ती शेळी मरंल तिकडं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पेटीपुढं येऊन बसली. ग्यानबानं मेंढ्या सोडल्या, माणसं आली, चुकचुकली, गेली. किशनरावसुद्धा आले आणि तिचा चेहरा बघून थट्टा खिशातच ठेवून परत गेले. कासाबाई हलली नाही. मरळ तळाला पडलेली असायची. मग जिवावर आल्यासारखी वर यायची आणि फळीला नाक घासत एका कोपऱ्यात जायची. पुन्हा तळाला. पुन्हा वर, आणि दर वेळी त्याच कोपऱ्यात. कासाबाईनं वाकून बघितलं. तिथं फळी जराशी वाकली होती आणि बोटाएवढी फट होती.

झोपडीत धूर कोंडला, की कोकरं दाराच्या फटीला नाकं लावून उभी राहतात. हे तिनं शंभरदा बघितलं होतं.

"आवं!" ती ओरडली. "धावा! ही गुदमरायली!"

"पाण्यात?" ग्यानबा दारातून म्हणाला. "मासा पाण्यात गुदमरायला लागला, तर मग आपण कुटं जावं?"

"गवतात अर्धा दिस पडून व्हती, तवा ठणठणीत. भरल्या पाण्यात मरायली. उचला पाटा!"

पाटा उचलला, फळी काढली, तिनं दोन तांबे पाणी उपसलं. मरळ वर आली, तोंड पाण्याबाहेर काढलं, 'बुळुक' करून हवेचा एक घोट घेतला आणि खाली गेली. थोड्या वेळानं पुन्हा बुळुक. कासाबाई तिथंच खाली बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. ग्यानबानं मेंढ्यांच्या कुंपणाची जुनी वाघूर आणली, तिचं जाळं दुहेरी करून पेटीवर ताणून बांधलं. उडी मारता येईना, हवा मात्र हवी तेवढी. ग्यानबाच्या हातून एवढं नेमकं काम झालेलं बघून मरळही चकित झाली असावी. दिवस मावळायच्या आत तिनं बेडकी खाल्ली.

आश्रुबाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मरळ हवा घेती, हे तर भोयाच्या शेंबड्या पोराला बी ठावं हाय."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी दात बघत व्हत्या."

ग्यानबाला आता आठ दिवसांचं काम मिळालं होतं. मेलेला मासा हिनं कसा उठवला, हे गावोगाव सांगायचं. पण दुसऱ्याच दिवशी पहाटे कासाबाईनं भाकरी बांधली.

"चला."

"कुटं?"

"झरीला."

"लोकं आपल्याकडं येतात. आपण लोकांकडं जातो व्हय?"

"शेळीला चालवंना, मला चालवतं."

वाटेत तिनं एक रात्र जिंतुरात नणंदेकडं काढली आणि दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत झरीत बन्सीधरच्या दारात उभी राहिली. बन्सीधर खाटेवरून उठला. कासाबाईनंच सुरुवात केली.

"दोन मासे मेले, बाबा, माझ्या हातून. सांगणाऱ्याचं ऐकलं न्हाई म्हणून. तिसरा बी मीच मारायले व्हते, तेवढ्यात कळलं. लोक सांगायलेत ते खरं हाय. आता शेळी दावतो का?"

ग्यानबानं कपाळाला हात लावला. बन्सीधर गोठ्याकडं वळला. मग म्हणाला, "माय, आजवर दहा वैद बघितले. 'मेलं' म्हणून सांगणारा एक बी भेटला न्हाई. या, गोठ्यात या."

शेळी हाडकली होती. कुणी तिला डाग दिला होता, कुणी काढा पाजला होता. कासाबाई पुढ्यात बसली. बन्सीधरच्या बायकोनं चहा आणला, तो निवून गेला.

"औषध काय द्यायचं?" बन्सीधरनं तिसऱ्यांदा विचारलं.

"गप बस. बघायले मी."

शेळी चाऱ्याजवळ तोंड नेत होती. हुंगत होती, ओठ लावत होती आणि मान झटकून मागं सरत होती. एकदा, दोनदा, चारदा.

"हिला भूक हाय," कासाबाई म्हणाली. "तोंड दुखायलंय. धरा."

ग्यानबानं शिंगं धरली. कासाबाईनं ओठ वर केला, दाढेमागं बोट घातलं आणि हिरडीत रुतलेला बाभळीचा काटा ओढून काढला. चांगला बोटाच्या पेराएवढा होता. थोडा पू आला. मिठाच्या पाण्यानं तिनं तोंड धुतलं आणि मऊ पाला पुढं टाकला. शेळी जरा थांबली. मग खाऊ लागली, आणि खाता खाता कासाबाईचा पदरही ओढू लागली.

बन्सीधर आत गेला आणि दुसऱ्या शेळीला कानाला धरून घेऊन आला.

"हिला काय झालंय?" कासाबाईनं विचारलं.

"काईच न्हाई, माय," बन्सीधर म्हणाला. "पर आलाच हायत, तर हिच्याकडं बी घडीभर बघून घ्या."