मळखाऊ रेनकोट

ती केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. पाऊस पाहिला की आठवते असं नाही. दुकानात कुणी “जरा मळखाऊ रंग दाखवा” म्हणालं की हमखास आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते एका साध्या रस्ता अपघातानं.

तेव्हा मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळ्यात आम्हाला दोनच कामं जोरात असत. बंदी असताना काशीदच्या समुद्रात उतरणाऱ्या शहाण्यांना बाहेर काढायचं आणि रस्त्यावरच्या अपघातांचे पंचनामे करायचे. भाताची लावणी नुकती उरकली होती. सकाळी फोन आला की आगरदांड्याहून येणाऱ्या रस्त्यावर, वळणाशी, टेम्पो आणि मोटारसायकलची धडक झाली आहे. आम्ही पोचलो तेव्हा धो धो पाऊस होता आणि जखमी जागेवर नव्हता. टेम्पोवाल्यानंच त्याला उचलून रुग्णालयात नेलं होतं. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली. धडक देऊन पळणारे पुष्कळ पाहिले होते, थांबणारे थोडे.

जखमी होते श्रीवर्धनकडचे एक शिक्षक. रोज दिघीला फेरीबोटीत मोटारसायकल चढवून खाडी ओलांडायचे आणि अलीकडच्या शाळेत यायचे. मोटारसायकल जुनी, पुढचा दिवा बटणानं लावायचा, आणि तो बंद होता. टेम्पोवाला पंचविशीतला तरुण, किनाऱ्यावरच्या मुसलमान वस्तीतला. सुपारीच्या वखारीकडे जायला तो वळणाशी उजवीकडे वळला, आणि समोरून आलेले मास्तर त्याच्या टेम्पोच्या डाव्या बाजूवर आदळले. सगळी केस एका प्रश्नावर उभी होती: वळण्याआधी त्याला मास्तर दिसायला हवे होते की नाही?

पोराचं म्हणणं एकच. “साब, मी थांबून बघितलं. रस्त्यावर कोण नव्हता. टक्कर झाली तवा कळलं. काळा रेनकोट होता त्यांच्या अंगावर.”

हे खरं मानायला मी तयार होतो, पण दुसऱ्या दिवशी मास्तरांची पत्नी ठाण्यात आली. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत नवंकोरं जाकीट. भडक केशरी, छातीवर आणि पाठीवर चंदेरी पट्टे. रुग्णालयात नवऱ्याच्या अंगावरून काढलेलं. कॉलरवर रक्त सुकलं होतं. तिनं ते माझ्या टेबलावर पसरलं आणि विचारलं, “साहेब, हे ज्याला दिसलं नाही, तो माणूस झोपेत गाडी चालवत होता की दारू पिऊन?”

महिनाभर ती नवऱ्याच्या मागे लागली होती, दहा दुकानं फिरली होती, आणि रस्त्यावर लांबून दिसावं म्हणून मुद्दाम हेच निवडलं होतं. बाहेरच्या बाकावर त्या पोराची आई बसली होती. जाताना बाई तिला काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. ती म्हातारी मान खाली घालून ऐकत राहिली.

पोराची मुश्कील मला माहीत होती. आखातात त्याची नोकरी ठरली होती आणि व्हिसासाठी पोलिसांचा दाखला हवा होता. गुन्हा प्रलंबित असला की दाखल्यावर तसा शेरा पडतो आणि नोकरी हातची जाते. गुन्हा दाखल करणं मला टाळता येत नव्हतं, तसा तो केलाही. पण तपास कुठल्या बाजूला जातो यावर त्या घराची पुढची सगळी वर्षं अवलंबून होती.

आम्ही फेरीबोटीवर गाड्या लावून घेणाऱ्याचा जबाब घेतला. तो ठामपणे म्हणाला, “केशरी जाकीट व्हतं, साहेब. नवीन दिसलं म्हनून मी इचारलं पन, कुठून घेतलं.” म्हणजे बाईंचं खरं. अपघाताच्या जागेचा पंचनामा पाहिला, तर त्यात काळा रेनकोट सापडल्याची नोंद नव्हती. पोराचं म्हणणं, गळ्याशी बटण आवळलं होतं, मास्तरांचा श्वास कोंडत होता, म्हणून त्यानं कोट काढून कडेला टाकला. पण कडेला कोट नव्हता. माझे हवालदार म्हणाले, “साहेब, पोरगं थापा मारतंय.” दिसत तरी तसंच होतं.

मी त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं. खोटं बोलणाऱ्याची एक खोड असते, तो प्रत्येक वेळी गोष्टीत थोडं मीठ-मसाला घालतो. हा दर वेळी तेच आणि तेवढंच सांगायचा. तो थापा मारतोय हे काही मला पचत नव्हतं. एका संध्याकाळी मी मुद्देमालातलं ते जाकीट पुन्हा काढलं आणि नुसतंच बघत बसलो. मास्तर डांबरावर घसरत गेले होते. पँट गुडघ्याशी फाटलेली, तळहात सोललेले, हेल्मेटला मागून लांबलचक ओरखडा. आणि जाकिटाच्या कोपराला खरचटल्याची साधी खूण नाही? रस्त्यावर लाल चिखलाचा पाट वाहत होता आणि पाठीवर शिंतोडा नाही? आता मात्र मला मजा वाटू लागली. हे जाकीट त्या रस्त्याला शिवलंच नव्हतं.

पोराला बोलावून मी नवा प्रश्न विचारला. “कोट काढलास तेव्हा आत काय होतं?”

तो म्हणाला, “केशरी होतं, साब. आतमधी. पण सगळे केशरी केशरी बोलत होते. मी पण केशरी बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, बघ, दिसलं होतं तुला. म्हणून नाय बोललो.”

भीतीपोटी माणूस खोटं बोलतो हे मला ठाऊक होतं. भीतीपोटी आपल्याच सुटकेचा पुरावा गिळून बसतो, हे तेव्हा कळलं. पण हा झाला आरोपीचा शब्द, कोर्टात त्याला किंमत शून्य. कोट हवा होता. मी हवालदारांना म्हटलं, गावात फाटकी वस्तू वाया जात नाही, वळणाच्या आसपासची घरं बघू. तिसऱ्याच घराच्या गोठ्याला, ज्या बाजूनं पावसाची झड आत येते तिथे, काळा रेनकोट खिळे मारून ताणला होता. पाठीत आणि कोपरात फाटलेला, चुण्यांत लाल माती. घरची बाई घाबरली. “रस्त्याच्या कडंला पडला व्हता, साहेब. फाटकाच व्हता. गुरं भिजत व्हती म्हनून बांधला. कुनाचा हाय तो?” आम्ही पंचांसमक्ष कोट ताब्यात घेतला आणि गोठ्याला ठाण्यातली जुनी ताडपत्री पाठवून दिली.

मग मी एक प्रयोग केला. पाऊस असाच कोसळत असताना हवालदारांना तो कोट घालून वळणावर उभं केलं आणि स्वतः टेम्पोत बसलो. वर झाडांची सावली, समोर ओलं काळं डांबर, आणि माझे धिप्पाड हवालदार त्यात विरघळले. ते हात हलवत होते म्हणे. मला हलणारी फांदी वाटली. नंतर त्यांनी केशरी जाकीट हातात उंच धरलं, ते मात्र ताबडतोब दिसलं. हवालदार चिंब होऊन परतले आणि म्हणाले, “साहेब, पुढच्या केसला दुसरा पुतळा शोधा.”

एक गोष्ट राहिली होती. लांबून दिसावं म्हणून घेतलेलं जाकीट मास्तरांनी आत का घातलं? ठाण्यात मी ते त्या रेनकोटावर चढवून बघितलं. खांद्यात अडकलं, चेन मिटेना. जाकीट मास्तरांच्या अगदी मापाचं होतं, वरून घालता येणारंच नव्हतं. शिवाय ते कापडी होतं, पाणी अडवणारं नव्हे. ज्या दुकानातून ते घेतलं होतं, तिथे गेलो. दुकानदार गुजराती, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. म्हणाला, “साहेब, भडक आणि वॉटरप्रूफ असा कोट पण हाय. पण तो घेणार कोण? गिऱ्हाईक येते नि बोलते, मळखाऊ दाखवा. काळा, निळा, चॉकलेटी. चार मैन्याचा पाऊस, भडक कोट चिखलात घालवायला जीव होत नाय कोनाला.”

ते त्याचं मळखाऊ मी ठाण्यापर्यंत डोक्यात घेऊन आलो. मग बाईंना बोलावलं. रेनकोट, जाकीट, दोन्ही टेबलावर ठेवलं आणि हळूहळू सगळं सांगितलं. नवरा शुद्धीवर आला होता, पाय प्लास्टरमध्ये होता, पण त्या सकाळचं त्याला काहीच आठवत नव्हतं. बाईंनी फाटक्या कोटावरून हात फिरवला. तो त्यांच्याच घरातला होता, जुना. मग म्हणाल्या, “जाकीट आणलं त्याच दिवशी मी बजावलं होतं त्यांना. नवं आहे, चिखल उडेल, पाऊस आला की वरून जुना रेनकोट घाला.”

हवालदारांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. त्यांना म्हणायचं होतं ते मला कळलं: हे लिहायलाच हवं का? बाईंना पण कळलं असावं. “लिहा,” त्या म्हणाल्या. “त्या पोराच्या आईला मी नको ते बोलले आहे. माझी सही घ्या खाली.”

मला त्या बाईचं वाईट वाटलं आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. तो जबाब, गोठ्यातला कोट आणि जागेवरच्या पाहणीचा पंचनामा जोडून मी पोराच्या बाजूनं, गुन्हा बंद करावा असा समरी अहवाल कोर्टात पाठवला. तो मंजूर झाला. पोराला दाखला मिळाला आणि तो आखातात गेला.

या केसनं मला शिकवलं ते असं की एकमेकांविरुद्ध दोन जबाब आले की त्यातला एक खोटा असलाच पाहिजे, ही घाई करू नये. फेरीबोटवाला खरं बोलत होता, पोरगा खरं बोलत होता. दोघांच्या मध्ये फक्त बोटीतून उतरल्यावर आलेली एक पावसाची सर होती. दुसरं असं की माणूस कोरडा राहतो तो स्वतःसाठी, पण दिसतो तो समोरच्यासाठी, आणि आपण पहिल्यासाठी दुसरं झाकून टाकतो. तेव्हापासून ओळखीचं कुणी मोटारसायकलसाठी रेनकोट घ्यायला निघालं की मी फुकटचा सल्ला देतो. सगळ्यात वरचा कपडा भडक हवा, ढगळ हवा, शिवणीतून पाणी झिरपत नाही ना ते नळाखाली धरून बघा, आणि मळेल म्हणून त्याचा जीव जपू नका. आपल्या लाल मातीत केशरीपेक्षा पोपटी-पिवळा उठून दिसतो, हेही सांगतो. लोक हसतात. हसू देत.

निवृत्तीनंतर एकदा मी दिघीच्या धक्क्यावर उतरलो होतो. फेरीबोटीतून गाड्या निघत होत्या. सर आली आणि सगळ्यांनी भराभर काळे-निळे कोट चढवले. एकाच माणसानं काही चढवलं नाही, कारण त्याच्या अंगावर सुरुवातीपासूनच दोन मापं मोठं, पिवळंधमक, जाडजूड पावसाळी जाकीट होतं, आणि पाठीवर अरबी अक्षरं. मास्तरच होते. मला ओळखून थांबले.

मी त्या अक्षरांकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. “तो रजेवर आला होता,” मास्तर म्हणाले. “तिकडे रस्त्याच्या कामावर आहे. घरी आला आणि हे देऊन गेला. म्हणाला, सर, आम्हाला तिकडे हे घातल्याशिवाय रस्त्यावर उभं राहू देत नाहीत. बायको म्हणते, कितीही मळू दे, हेच घालायचं, आणि सगळ्यात वर.”

त्यांनी किक मारली. या वेळी दिवाही लावला होता. पाऊस चांगलाच वाढला होता, पण चढ संपून रस्ता वळतो तिथपर्यंत मला ते दिसत होते.