सहा महिने टिकणारी चमक

निवृत्त झाल्यावर बायका तीर्थयात्रेला जातात, नातवंडं सांभाळतात. मी लग्नच केलं नाही, त्यामुळे नातवंडांचा प्रश्न नव्हता, आणि देवाचं नि माझं फारसं जमत नाही. म्हणून मी गाडी घेतली. गडद निळी. सोलापुरात गडद रंगाची गाडी घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. सकाळी पुसली की दुपारी धूळ पुन्हा हजर, आणि बोअरच्या पाण्यानं धुतली तर वाळल्यावर पांढरे ठिपके.

दोन वर्षं आईला दवाखान्यात नेण्या-आणण्यात ती गाडी चालली. मग आई गेली आणि गाडीला जायला ठिकाणच उरलं नाही. मी रोज सकाळी खाली उतरून ती फडक्यानं खसाखसा पुसायचे आणि परत वर यायचे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली गत. त्या पुसण्यानंच गाडीच्या रंगावर गोल गोल बारीक ओरखडे पडले. उन्हात बघितलं की बॉनेट कोळ्यानं जाळं विणल्यासारखं दिसायचं.

कुणीतरी होटगी रस्त्यावरचं एक शेड सांगितलं. तिथले मिस्त्री पन्नाशीचे, दाढीला मेंदी लावलेले, पूर्वी पुण्यात गाड्यांना रंग मारायचं काम केलेले. आता फक्त गाड्या चमकवायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला 'आपा' म्हटलं, म्हणजे थोरली बहीण. मला चाळीस वर्षं ऑफिसात सगळे 'मॅडम' म्हणत आले होते. घरात आई हाक मारायची ती हाक आता बंद झाली होती. तो 'आपा' कानाला फार बरा वाटला, हे कबूल करायला मला लाज नाही.

त्यांनी बॉनेटवर दिवा धरला आणि ओरखडे दाखवले.

"ह्याला दोन रस्ते हायत, आपा. एक ग्लेझ. ते ह्या बारीक चिरांत भरून बसतंय, गाडी वल्ली असल्यागत चमकती. वरनं वॅक्स दिलं की जरा टिकतंय. पण दोन-चार धुण्यात सगळं गेलं. दुसरं सीलंट. ते सहा महिने हलत न्हाय. पण त्याला खाली कोरा रंग लागतोय. ग्लेझ तेलकट असतंय, त्याच्यावर सीलंट धरत न्हाय."

"ग्लेझ म्हणजे तोंडाला पावडर," मी म्हटलं.

"व्हय की! अन् वॅक्स म्हंजी वरनं पदर."

आम्ही दोघं हसलो. हसल्यावर माझ्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत मी दुसऱ्या माणसाबरोबर हसले नव्हते.

मी ग्लेझ सांगितलं. त्या दिवशी कारण साधंच होतं, मला लगेच चमक हवी होती. पण कामाला अर्धा दिवस लागला आणि तो अर्धा दिवस मी तिथं खुर्ची टाकून बसले. मिस्त्री हातानं काम करत आणि तोंडानं गावभरच्या गोष्टी सांगत. मध्येच चहा आला. दुपारी त्यांच्या घरून डबा आला, त्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्यांनी न विचारता माझ्यापुढे सरकवली. कुणी आपल्याला न विचारता वाढावं, ही चैन असते. ती गेल्यावरच कळते.

तेव्हापासून ग्लेझ उतरलं की मी जायचे. मग ग्लेझ उतरायची वाट बघवेना, तेव्हा मी गाडी भांड्याच्या साबणानं धुवायला लागले. एकदा तर मुद्दाम लिंबाखाली लावली, पक्ष्यांनी काही हातभार लावला तर बरं म्हणून. मिस्त्री बॉनेटवरून तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, "इतक्यात गेलं? तुमचं पाणीच लई खराब हाय, आपा." मी गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायचे. पाण्याला बोल लावला की कुणाचं मन दुखत नाही.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हाची गोष्ट. मी नेहमीप्रमाणे खुर्चीकडे वळले तर मिस्त्री म्हणाले, "आज बसू नका. गाडी ठिवा, उद्या न्या." मी बापडी रिक्षानं घरी आले. दुसऱ्या दिवशी गाडी अशी दिसत होती की तिच्यात माझा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. म्हातारी दिसत होते.

"जुनं ग्लेझ पार पुसून काढलं," मिस्त्री सांगत होते. "चिरा पॉलिशनं घालवल्या. कोऱ्या रंगावर सीलंट दिलं, रातभर वाळू दिलं, सकाळी वरनं वॅक्स. ह्या उन्हाचं तुमी सारखं हेलपाटे घालताय, मला बघवंना. आता सहा महिने यायची गरज न्हाय!"

किती आनंदानं म्हणाले ते. थोरल्या बहिणीला भाऊबीज घालावी तसे उभे होते. मी "छान झालं" म्हटलं आणि गाडी काढली. सिग्नलला थांबले तेव्हा कुठं कळलं. राग आला होता. ज्यानं माझं भलं केलं त्याच्यावरच राग, आणि तो सांगायला दुसरं माणूस नाही.

मग सुटे दिवस सुरू झाले. निवृत्त बाईला सगळे दिवस सुट्टीचेच, पण आठवड्यात एखादा दिवस कुठंतरी टेकलेला असला की बाकीचे ढकलता येतात. तो टेकूच गेला. मी टीव्हीशी बोलायला लागले. पुण्याच्या रस्त्यानं पार टेंभुर्णीपर्यंत गाडी उगाच पळवून आणली, धूळ बसेल, किडे चिकटतील म्हणून. आल्यावर एक बादली पाणी ओतलं तर सगळं थेंब थेंब होऊन घरंगळून गेलं आणि गाडी पुन्हा लख्ख. सीलंट काही हलेना. मिस्त्रींचं काम पक्कं होतं, माझ्याच मुळावर आलं होतं.

एका सकाळी मी हिरवी घासणी आणि भांड्याची पावडर घेऊन खाली उतरले. मला फक्त चमक घालवायची होती. पण खरकटी कढई घासायची सवय असलेला हात, तो थांबतो कुठं! पाणी ओतलं तेव्हा बॉनेटवर हातभर लांबीचे पांढरे ओरखडे उठले होते. ते बघून मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. गाडीसाठी नव्हे.

तशीच गाडी शेडवर नेली. मिस्त्रींनी दिवा लावलाच नाही, लावायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी केलं हे?"

सोसायटीतल्या पोरांवर ढकलता आलं असतं. पण खोटं बोलून इथं बसायचं, तर मग घरीच काय वाईट होतं.

"मी."

"तुमी? का, आपा?"

"तुम्ही म्हणालात सहा महिने यायची गरज नाही. मग सहा महिने मी जाऊ कुठं?"

मिस्त्रींच्या हातातलं कापड तसंच राहिलं. मला वाटलं, संपलं. आता हे मला मॅडम म्हणतील, गाडी नीट करून देतील आणि पुढच्या वेळी कामाची गर्दी आहे म्हणून सांगतील. वेड्या म्हातारीला कुणीही असंच टाळतं, मीही टाळलं असतं. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

मिस्त्री बॉनेटपाशी वाकले, एका ओरखड्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"हे ग्लेझनं झाकत न्हाय," ते हळू म्हणाले. "मशीन मारून काढावं लागंल. लई दिवसांचं काम हाय."

"बरं. झाली की फोन करा."

"फोन कशाला?" ते सरळ झाले. "उद्या या. गाडी उद्या व्हत न्हाय, परवा बी व्हत न्हाय. तरी या."

मी मान हलवली आणि नेहमीची खुर्ची ओढून बसले.